ढेप बाजूला बसते

चप् चप्, चप् चप्. घरात दुसरा कसलाच आवाज नव्हता. लाइट गेल्यामुळं पंखा बंद, ब्राह्मी, माझी लेक, झोपलेली, आणि आक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, जपाची माळ हातात धरून देवघरात बसल्या बसल्या पेंगत असाव्यात, कारण मणी सरकल्याची बारीक कुरकुरही थांबली होती. अशी रिकामी दुपार मला क्वचित मिळते, आणि मिळाली की ती कशात घालवायची हे ठरवण्यातच निम्मी जाते. आधी वाटलं, मोरीतला नळ ठिबकतोय. मग वाटलं, ब्राह्मी झोपेत अंगठा चोखतेय, पण ती सवय सुटून वर्ष झालं. उठून बाहेरच्या खोलीत आले तर आमची कुत्री, ढेप, एक पाय आढ्याकडं करून, मान पार पोटाखाली घालून स्वतःला चाटत बसलेली. शेजारी पांढऱ्या फरशीवर एक लाल ठिपका. एकच, पण फरशी इतकी पांढरी की खोलीत दुसरं काही दिसेनाच. क्षणभर वाटलं, ब्राह्मीला कुठं लागलं. मग ढेपनं मान वर केली, माझ्याकडं बघितलं, कान मागं पाडले, आणि मला कळलं. कळल्याबरोबर मी काय करावं? मी मागं वळून देवघराकडं बघितलं. रक्त कुत्रीचं, आणि मी मात्र आक्कांना दिसायच्या आत ते पुसायला फडकं शोधत होते. वाईला आठवीत असताना शाळेच्या बाकावर असाच एक ठिपका मी दप्तरानं झाकला होता, आणि सगळी मुलं जाईपर्यंत फळ्यावरचं गणित पुन्हा पुन्हा उतरवून घेत बसले होते. बाईंना वाटलं, प्राचीला गणिताची केवढी गोडी.

ढेप आमच्याकडं आली ती हिवाळ्यात, कुंडलच्या आदगोंडा मामांच्या मळ्यावरून. जिनेंद्र, माझा नवरा, मामांकडं हळदीचं बघायला गेला आणि येताना गुळाच्या रिकाम्या टोपलीत हे घेऊन आला. गुळाच्याच रंगाचं, गुळाच्याच ढेपेसारखं गोल, आणि बसलं की बसल्या जागी चिकटणारं. नाव ठेवायला फार विचार लागला नाही. जिनेंद्र मार्केटमधून हळदीनं माखून येतो आणि ती त्याचे हात चाटते, त्यामुळं संध्याकाळी तिची जीभ पिवळी असते. आक्कांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "ऱ्हाऊ दे, पर या घरात ऱ्हायचं तर घरावाणी ऱ्हायचं." म्हणजे दूध-भाकरी, वरण-भात, आणि तेही दिवस मावळायच्या आत. ढेपनं ते इतकं मनावर घेतलं की सांजेला दिवाबत्ती झाली की ती ताटलीकडं ढुंकूनही बघत नाही. लोक मुद्दाम बघायला येतात. जैनाची कुत्री, चौविहार पाळते. मागच्या गल्लीतल्या अंड्याच्या गाड्याखाली ती अधूनमधून दिसते असं मला जयराजनं, म्हणजे शेजारच्या मुलानं, एकदा खासगीत सांगितलं होतं. पण तेही दिवसाउजेडीच, त्यामुळं मी गप्प बसले.

डॉक्टर मदिहा, मिरज रस्त्यावरच्या दवाखान्यातल्या, ढेपला लस टोचतानाच म्हणाल्या होत्या, "प्राचीताई, हिचं ऑपरेशन कधी करायचं ते आत्ताच ठरवून टाका. एक तर पहिल्यांदा माजावर यायच्या आधी करू, नाहीतर माज संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी. मधेच नको." माझ्याहून वयानं लहान असतील, पण बोलतात असं की वाटतं, ही बाई घरी तव्यावर भाजी टाकतानासुद्धा आधी वेळ ठरवत असणार. मी म्हटलं, बघू. आमच्या घरात ‘बघू’ हा फार मोठा शब्द आहे. ब्राह्मी पाच वर्षांची झाली, दुसऱ्याचं कधी, असं आक्का किंवा समोरच्या मंगलकाकू विचारतात तेव्हा मी म्हणते, बघू. जिनेंद्र म्हणतो, बघू की. आम्ही दोघंच असतो तेव्हाही एकमेकांना तेच म्हणतो, आणि त्यानंतर कुणीतरी दिवा मालवतं. ढेपचं ऑपरेशन उन्हाळ्यात करायचं म्हटलं तर आक्का म्हणाल्या, उन्हाची जखम चिघळते. पावसाच्या तोंडावर म्हटलं तर म्हणाल्या, आता चातुर्मास लागतोय, चार महिने या घरात चाकू लावून काही नको, कुणाला नको. आक्का अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी चिरत नाहीत. त्यांना कुत्री चिरायची परवानगी मी कुठल्या तोंडानं मागणार? आणि खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. दुसऱ्या कुणाच्या नियमामुळं आपला निर्णय पुढं गेला की केवढं हलकं वाटतं. बाहेर पाणी भरून आलेलं आभाळ, आणि आपण म्हणायचं, आज नको जायला.

तर ठिपका पुसायच्या आत आक्का मागं येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी ठिपका बघितला, ढेपकडं बघितलं, माझ्या हातातलं फडकं बघितलं. मला वाटलं, आता कुत्री घराबाहेर. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी याआधी एकदाच बघितलं होतं, धाकट्या नणंदेच्या मुलीला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा. "आगं बया," त्या म्हणाल्या, "शाणी झाली की गं आपली." आणि पुढच्या पाच मिनिटांत मागच्या पडवीत पोत्यावर जुनी गोधडी पडली, वेगळी ताटली गेली, वेगळं पाण्याचं भांडं गेलं, आणि ढेप बाजूला बसली. आमच्याकडं बाजूला बसायचं म्हणजे अजून बसायचं. लग्न करून आले तेव्हा मला या गोष्टीचा संताप यायचा. वाईला आमचं जैनाचं एकटंच घर, बाबांचं वह्या-पुस्तकांचं दुकान घाटाकडं उतरणाऱ्या रस्त्याला, सगळी गिऱ्हाइकं दुसऱ्या समाजाची, त्यामुळं आमचे नियम ताकासारखे पातळ. इथं सांगलीत ते सायीसारखे. पहिल्या महिन्यात मी पडवीत बसून रडले होते. दुसऱ्या महिन्यात एक कादंबरी संपवली. ब्राह्मी झाल्यानंतर तर मी त्या दिवसांची वाट बघायला लागले: स्वैपाक नाही, देवघर नाही, ‘प्राची, जरा इकडं ये’ नाही, हातात गरम ताट येतं आणि कुणी शिवत नाही. रागही खरा होता आणि सुखही खरं होतं, आणि दोन्ही एकाच पोत्यावर शेजारी शेजारी बसायची. आता तिथं ढेप बसली. तिला यातलं काहीच वाटत नसणार, असं म्हणायला मी मोकळी होते, पण ती त्या गोधडीवर पुढचे पाय जुळवून अशी बसली होती की जणू तिला कुणीतरी आधीच सगळं समजावून सांगितलं होतं.

ब्राह्मी उठून आली आणि ढेपच्या गळ्यात पडायला धावली. आक्का ओरडल्या, "शिवू नगंस! कावळा शिवलाय तिला!" ब्राह्मी जागच्या जागी थांबली. हे तिला ठाऊक होतं, मला दर महिन्याला शिवतो तोच. ती कमरेवर हात ठेवून पडवीच्या पत्र्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आज्जी, कावळा आत आला कुठून? दार तर बंद होतं." "आला असंल खिडकीतनं." "मग ढेप भुंकली का नाही?" आक्का माझ्याकडं बघायला लागल्या. मी फडकं धुवायला निघून गेले. मोरीत उभी राहून, तोंडावर पदर दाबून हसले.

संध्याकाळी डॉक्टर मदिहांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "शेवटी तेच झालं ना? आता तीन आठवडे तिला दाराबाहेर एकटी सोडायची नाही. आणि रक्त थांबलं म्हणून निवांत होऊ नका. खरी जोखीम त्याच्यानंतरच असते." मी हे जसंच्या तसं आक्कांना सांगितलं. आक्का मूग निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "तीन आठवडं कुणाचं असतंय गं? डॉक्टर लोकांचं आपलं असंच, साध्या खोकल्याला पंधरा दिसांच्या गोळ्या. चार दिस बसायचं, पाचव्या दिशी डोक्यावरनं न्हायचं, झालं." आणि त्याप्रमाणं त्यांनी ढेपला शिकेकाई लावून, डोक्यावरून पाणी घालून न्हाऊ घातलं. ढेपनं सगळी पडवी भिजवली आणि पुन्हा एक ठिपका टाकला. आक्का चकित. "आसं कसं गं हिचं? अंगावरनं लय जातंय का?" त्यांनी तिला धने-जिऱ्याचं पाणी पाजलं. मला त्या वेळी हे सगळं इतकं गोड वाटलं की पुढचं दिसलंच नाही. ज्या बाईनं आयुष्यभर मांजराच्या वाटीला हात लावला की हात धुतले, ती एका कुत्रीच्या पाळीची काळजी करत होती, आपल्या लेकीसुनांची करते तशीच, तेवढ्याच कडकपणानं आणि तेवढ्याच मायेनं.

पुढच्या आठवड्यात माझ्या चुलतभावाचा साखरपुडा होता. ब्राह्मीला घेऊन मी दोन दिवस वाईला गेले. एसटी साताऱ्याहून पुढं निघाली की माझं अंगच बदलतं, हातपाय हलके होतात, बोलणं भरभर होतं. घाटावर ब्राह्मीला पाण्यात पाय सोडायला बसवलं आणि पायऱ्यांच्या कडेची ती कपार दिसली. लहानपणी तिथं एक पांढरी कुत्री दर वर्षी व्यायची. मी आणि माझी मैत्रीण वाटीतून दूध चोरून न्यायचो, पिल्लांना नावं ठेवायचो, कुठलं कुणाचं यावरून भांडायचो. दिवाळी येईपर्यंत एखादंच उरायचं. बाकीची कुठं गेली हे आम्ही कधी विचारलं नाही, किंवा विचारलं असेल आणि कुणी सांगितलं नसेल. आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा पोट ओढत त्याच कपारीकडं यायची आणि आम्ही पुन्हा वाट्या घेऊन. मला ती आनंदाची आठवण वाटत होती इतकी वर्षं. पायऱ्यांवर बसून पहिल्यांदाच मी त्या कुत्रीचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला, तर पिल्लांचे सगळे ठिपके आठवले, तिचा चेहरा काही आठवेना.

सांगलीला परत आले तर फाटक उघडं, पडवीतलं पोतं धुऊन वाळत टाकलेलं, आणि आक्का प्रसन्न. "कालपासनं बंद झालं बघ तिचं. पुन्यांदा न्हाऊ घातलं. लय दिस कोंडून होती बिचारी, म्हनलं जा, ये हिंडून." मी बॅग हातातच धरून उभी. "कधी सोडली आक्का?" "जेवणं झाल्यावर. का गं?" मी काही बोलायच्या आत जिनेंद्र मार्केटमधून आला तो हसतच. "लालासाहेबांच्या वाड्यावर गेली होती तुमची लेक," तो म्हणाला. लालासाहेब म्हणजे कोपऱ्यावरचा तांबडा कुत्रा. त्याची चाल एखाद्या सोसायटीच्या चेअरमनची, म्हणून मुलांनी ते नाव ठेवलंय. जिनेंद्रच्या मागोमाग ढेप आत आली, कानात चिखल, पाठीवर चिखल, थेट पाण्याच्या भांड्याशी. फाटकाबाहेर लालासाहेब उभे होते, आणि त्यांच्यामागं गल्लीतले आणखी तिघं, मतदानाला उभे राहिल्यासारखे. मी आक्कांना ते समजावून सांगितलं, जमेल तितक्या सभ्य शब्दांत: माणसाचं वेगळं, कुत्र्याचं वेगळं, आपलं संपतं तेव्हा संपतं, त्यांचं संपतं तेव्हाच सुरू होतं. आक्कांनी ऐकून घेतलं. "आगं बाई," एवढंच म्हणाल्या, आणि पदरानं ढेपच्या पाठीवरचा चिखल पुसायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मदिहांनी ढेपच्या पोटावरून हात फिरवला आणि सांगितलं, दोन रस्ते आहेत. "आत्ताच ऑपरेशन केलं तर जरा जोखीम आहे, पण करता येईल. आत काही रुजलं असेल तर तेही त्यातच जाईल. कुणाला कळणारही नाही. किंवा महिनाभर थांबा, सोनोग्राफी करू, मग ठरवा." परत येताना रिक्षात ढेप माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली आणि ते वाक्य तिच्या डोक्याखाली माझ्या मांडीला टोचत राहिलं. कुणाला कळणारही नाही. मला ते हवं होतं, हे मला कळत होतं. असेल-नसेल या दोन शब्दांच्या मधल्या फटीतून पटकन निसटून जायचं, आणि नंतर म्हणायचं, बहुतेक नसेलच. घरी आल्यावर मी आक्कांना तेच सांगितलं, आत्ताच करून टाकू म्हणून, पण माझा आवाज मलाच खरा वाटेना. आक्कांनी देवघराचं दार ओढून घेतलं, जणू देवांनी हे ऐकू नये. "प्राची, जीव हाय का न्हाई ते ठावं नसताना चाकू लावायचा, ते मला जमायचं न्हाई. असला तर असला. वाढवू. नसला, तर कर तुज्या मनासारखं, मी आड येणार न्हाई. पर आधी बघून घे." त्यांच्यापुढं मला माझं शहाणपण फार पळपुटं वाटलं. आणि तरी रात्रभर, नाही, रात्रभर नव्हे, भांडी घासताना, ब्राह्मीची वेणी घालताना, मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते: वाढवू म्हणजे कोण वाढवू? मंगलकाकूंना बातमी लागली होती आणि त्या फाटकातूनच ओरडून गेल्या होत्या, "आमाला एक ठेवा गं, नर असला तर!" औषधाच्या दुकानवाल्यानं सांगितलं, नर असेल तर कळवा. जिनेंद्रच्या हमालांपैकी दोघांनी सांगितलं. नर, नर, नर. वाईच्या घाटावर दिवाळीपर्यंत उरायचा तो एकटा कोण असायचा, ते मला आता कळलं.

तो महिना मात्र आमच्या घरी सणासारखा गेला. आक्कांनी ढेपचे डोहाळे पुरवले. दुधात तूप, भाकरीवर तूप, वरणभातावर तूप. "पोटुशीला न्हाई म्हनू नये," असं म्हणून दहीसुद्धा. दशलक्षण पर्वात स्वतः एकवेळ जेवणाऱ्या आक्का सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जाऊन आल्या की आधी कुत्रीला बदामाचं दूध द्यायच्या. ढेप खरोखर ढेप झाली. जिनेंद्र म्हणायचा, "ब्राह्मीच्या वेळी एवढं केलं होतंस काय गं आई, प्राचीचं?" आणि आक्का म्हणायच्या, "तुजी बायको दोन घास खाऊन ताट सारायची. ही चाटूनपुसून खाती. करायला हुरूप येतो." मला राग यायला हवा होता. पण मला ते दिवस आठवले, ब्राह्मीच्या वेळचे, सकाळच्या ओकाऱ्या, आणि याच आक्का पाठीवरून हात फिरवत उभ्या, आणि मी मनात म्हणत असलेली, हे इतक्यात नको होतं, हे आपण ठरवलंच नव्हतं. मग ब्राह्मी आली आणि ते वाक्य कुठल्या कुठं गेलं. वाक्यं अशी जातात कुठं? ती मरत नसावीत. घाटाच्या कपारीत जाऊन बसत असावीत.

सोनोग्राफीला आम्ही सगळेच गेलो, ब्राह्मीसुद्धा. आक्का बाहेर बाकावर माळ ओढत बसल्या. पडद्यावर राखाडी ढग सरकत राहिले. डॉक्टर मदिहांनी नळी एकदा या बाजूनं फिरवली, एकदा त्या बाजूनं, मग हसून म्हणाल्या, "काही नाही. फक्त तूप आहे." जिनेंद्र एवढ्यानं हसला की शेजारच्या खोलीतलं मांजर गुरगुरलं. मी बाहेर येऊन आक्कांना सांगितलं. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले, सुटल्यासारखा श्वास सोडला. आणि मग, डोळे उघडायच्या आधीच, त्यांचा चेहरा थोडा उतरला. तो मी बघितला. त्यांनी बघितलं की मी बघितला. माझाही तसाच उतरला असावा. आम्ही दोघी रिक्षात बसलो, आणि ब्राह्मी ढेपला विचारत होती, "तू सगळं तूप एकटीच खाल्लंस?"

इथं गोष्ट संपायला हवी होती. मी तसं धरूनही चालले होते: पोट रिकामं, चातुर्मास संपला की दिवाळीनंतर तारीख घ्यायची, झालं. पण ढेपला कुणी सांगितलं नव्हतं. घटस्थापनेच्या सुमाराला ती पडवीतलं पोतं उकरायला लागली. मग बागेतला कोपरा उकरला. मग एक दिवस ब्राह्मीचा शाळेचा पांढरा मोजा नाहीसा झाला, आणि तो सापडला ढेपच्या पोटाशी, गोधडीच्या वळकटीत, ओला, चाटून चाटून. घ्यायला गेले तर ती गुरगुरली. माझ्यावर! मी हात मागं घेतला. तिच्या पोटाखाली सडं टरारून आली होती आणि त्यांना दूध होतं. आक्कांनी पेला आपटून सांगितलं, "मशिनला काय कळतंय? व्हय की न्हाई?" आम्ही पुन्हा गेलो. पुन्हा ढग, पुन्हा काही नाही. डॉक्टर म्हणाल्या, असं होतं. शरीराची समजूत होते की पिल्लं झालीत. दोन-तीन आठवड्यांत दूध आटेल, मग तो मोजा नजरेआड करा. "आणि दर माजानंतर पुन्हा असं होऊ शकतं. म्हणून म्हणते, ठरवा."

सगळे माझ्याकडं बघत होते. जिनेंद्र म्हणाला, तू म्हणशील तसं. डॉक्टर म्हणाल्या, तुमचा निर्णय. आक्कांनी तर शब्द दिलेला होता, पण आता त्यांचं मन फिरत होतं हे मला दिसत होतं. त्या चतुर्दशीला आम्ही पडवीत बसून डाळ निवडत होतो. हिरवी भाजी चिरायची नव्हती, घाई नव्हती. समोर ढेप. तिनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, मोजा सोडून ताटलीपर्यंत जायची तयारी नव्हती. आक्कांनी ताटली उचलून तिच्या तोंडाशी नेली तेव्हा दोन घास खाल्ले, तेही एक पंजा मोज्यावर ठेवून. आक्का म्हणाल्या, "एकदा खरीच हू दे की गं तिला. एवढी आस हाय." मी म्हटलं, "आणि माद्या झाल्या तर, आक्का? कोण नेणार?" त्यांनी सूप पाखडायला घेतलं. डाळ सुपात वाजत राहिली. मग एकदम हसल्या. "जिनेंद्रच्या पाठीवर तुज्या दोन नणंदा झाल्या, आन् धाकटीच्या तिसऱ्या म्हयन्यात, मी माहेरीच हुते, दारात आपरेशनची जीप आली. आमच्या सासूनं आन् तुज्या सासऱ्यानं आदल्या दिशी ठरवलं हुतं. मला कुणी इचारलं न्हाई. गावातल्या सात-आठ बायका, सगळ्या एका जीपमदी. काय हसलो आमी! कुंडलपासनं दवाखान्यापातूर नुसतं हसत गेलो. येताना स्टीलचा डबा दिला." "मग?" मी विचारलं. "मग काय? अजून हाय की डबा. हळद असती त्यात." "तसं नाही आक्का. वाईट वाटलं का?" त्यांनी डाळीतला एक खडा काढला, बोटाच्या टोकावर धरून बघितला, अंगणात टाकला. "बरं झालं असंच वाटलं. तीन पोरांनीच जीव खाल्ला हुता. पर इचारलं असतं, तरी मी व्हयच म्हनले असते की. तेवढं एकदा म्हनायचं हुतं."

बोलण्यासारखं खूप होतं, आणि सगळंच माझ्याबद्दलचं. मला दुसरं मूल नको आहे की हवं आहे हे मला ठाऊक नाही, आक्का, आणि तुम्ही विचारता तेव्हा मला राग येतो, पण तुम्ही विचारता तरी, असं काहीतरी. त्याऐवजी मी उठून ढेपजवळ गेले, ती गुरगुरेल इतक्या जवळ, आणि खाली बसले. ती गुरगुरली, मग थांबली. तिच्या फासळ्या मला दिसत होत्या, एका महिन्यात गेलेलं सगळं तूप. मी तिला विचारू शकत नव्हते, आणि ती ‘हो’ म्हणू शकत नव्हती. हे कुणीतरी दुसऱ्यानंच ठरवायचं होतं, आणि तो कुणीतरी मी होते, आणि आता आड यायला चातुर्मासही फार दिवस उरला नव्हता. दर सहा महिन्यांनी तिनं एका मोज्यासाठी उपाशी राहायचं, किंवा फाटक एकदा उघडं राहायचं आणि मग वाईच्या घाटावरची ती पांढरी कुत्री. यात मला खूप काळ काहीतरी तिसरं दिसेल असं वाटत होतं. दिसलं नाही. मी तिथंच बसून डॉक्टर मदिहांना फोन लावला. दूध आटल्यावर, दिवाळीनंतर, कार्तिकी पौर्णिमा उलटली की दुसऱ्या दिवशी सकाळी. त्यांनी सांगितलं, आदल्या रात्रीपासून काही खायला देऊ नका. मी म्हटलं, "ती सूर्य मावळल्यावर खातच नाही हो." पलीकडून त्या हसायला लागल्या आणि मलाही आवरेना, हसता हसता डोळ्यांत पाणी आलं ते हसण्याचंच होतं असं मी धरून चालले. आक्का मागून म्हणाल्या, "मी येनार हाय संगं. त्या दिशी तिच्यापाशी मी बसनार. सांग तिला, डॉक्टरणीला." मी सांगितलं.

ब्राह्मी शाळेतून आली, दप्तर दारातच टाकलं, एकाच मोज्यातला पाय आपटत पडवीत आली आणि आम्ही आखून दिलेल्या रेषेच्या अलीकडं उकिडवी बसली. ढेप तिला गुरगुरत नाही, पण ब्राह्मी रेष पाळते. उन्हाची तिरीप गोधडीवर आली होती. ढेपनं मोजा पंजानं जवळ ओढला, पोटाशी घेतला, आणि अगदी सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाटायला लागली.

"आई," ब्राह्मी हळू आवाजात म्हणाली, कुणी झोपलेलं असावं तसं, "तो माझा मोजा आहे हे तिला माहीत आहे?"

"असेल गं. वास येतो की तिला तुझा."

ब्राह्मीनं गुडघ्यांवर हनुवटी टेकली.

"मग माहीत असूनसुद्धा ती असं का करते?"